कोठीवरची तबकडी

दार आतून लावलेलं नव्हतं, तरी उघडत नव्हतं. मी खांदा लावला. सुनेनं खालून लाथ घातली. फटीत आतून चादर कोंबलेली होती, ती गोळा होऊन दाराखाली अडकली आणि दार वीतभर सरकून तिथंच थांबलं. तेवढ्या जागेतून मला आमच्या मालकांचे पाय दिसले. ते चटईवर पडले होते. एक पाय चटईवर घासत होता, दुसरा हलत नव्हता. खोलीतून माणसाचा आवाज येत नव्हता. रेकॉर्डच्या मशीनचा येत होता. टक, टक, टक.

त्या आवाजानंच मी उठून आले होते. रेकॉर्ड संपली की सुई शेवटच्या गोल रेघेत फिरत राहते आणि असा आवाज करते. माझे धाकटे दीर तो आवाज कधी होऊ देत नसत. जेवत असले तरी ताटावरून उठायचे, कोपरानं दार ढकलायचे आणि डाव्या हातानं सुई उचलायचे. सुई झिजते, म्हणायचे. मी अंगणात मिरच्यांची देठं काढत बसले होते. शेजारी लग्नघर होतं, डीजे छातीवर बसल्यासारखा वाजत होता. गाणं बदलायला तो थांबला, तेव्हा मला बंद दाराआडून टक टक ऐकू आलं. पुढच्या गाण्यानंतर पुन्हा थांबला, तेव्हाही टक टक चालूच. मी मिरच्यांचं सूप बाजूला ठेवलं.

"भावजी," मी त्या फटीतून हाक मारली, "सुई उचला की."

सून अंगानं बारीक. ती आडवी होऊन आत शिरली, चादर ओढून काढली, तेव्हा दार उघडलं. भावजी खुर्चीतून अर्धे खाली घसरले होते. एक हात वर गव्हाच्या कोठीच्या कडेला होता. सुईकडं निघाले असणार. शर्टावर उलटी झालेली. मालकांचे डोळे उघडे होते. आम्ही दोघींनी आधी त्यांना काखेत हात घालून अंगणात ओढलं, मग भावजींना. भावजी हलके, ते लवकर आले. मशीन फिरतच राहिलं. त्या वेळी त्याच्याकडं कोण बघतंय.

"काय झालं हो?" मी मालकांना विचारलं.

"छाती आवळतीय," ते म्हणाले. "धाकल्याला बघ आदी."

आता ती खोली सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची वस्ती निमगाव केतकीच्या अलीकडं, इंदापूर-बारामती रस्त्यापासून आत, उसाच्या मधोमध. भावजी उभा जन्म पुण्यात एका साहेबाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. साहेबाला परदेशी गाण्याचा नाद. रविवारी त्याच्याकडं माणसं जमायची, आत रेकॉर्ड लागायची, आणि बाहेर व्हरांड्यात भावजी गाडीची किल्ली हातात घेऊन बसायचे. बसून बसून त्यांनाही नाद लागला. साहेब म्हातारपणी मुलीकडं परदेशात निघाला तेव्हा त्यानं मशीन, दोन स्पीकर आणि एक रेकॉर्ड भावजींना दिली. पियानो वाजवणाऱ्या कुठल्याशा मोठ्या माणसाची, साथीला आणखी वाजवणारे. कव्हरवर त्याचा फोटो होता, काळा माणूस, मान खाली घातलेली, तोंड नीट दिसतच नाही. त्या वाजवण्याला जॅझ म्हणतात हे मला भावजींनीच सांगितलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. मला त्यात शिकलेल्यालाच कळावं असं काही ऐकू आलं नाही.

जाऊबाई वारल्यावर भावजी वस्तीवर राहायला आले. सामान उघड्या टेम्पोतून आलं, भर उन्हाळ्यात. रेकॉर्ड गादीवर सगळ्यात वर ठेवली होती, तिला धक्का लागू नये म्हणून. धक्का लागला नाही. ऊन लागलं. कव्हरातून काढली तर ती तळलेल्या पापडासारखी. वाजवायला लावली की सुई तिच्यावर उड्या मारत चालायची आणि पियानोवाला एकच सूर धरून अडखळत बसायचा.

"धाकल्या," मालक म्हणायचे, "ह्यो पेटी वाजवतुय का दुरुस्त करतुय?"

"दादा, रेकॉर्ड वाकडी झालीय. माणूस सरळ हाय."

"आन गाणारा कवा यायचा?"

"गाणारा न्हाय यात."

"मंग एवढी माणसं कशाला जमवली त्यानं? गाणारा आजारी हाय व्हय?"

ही थट्टा घरात वर्षानुवर्षं चालली. भावजी चिडत नसत, पण वाकडी रेकॉर्ड त्यांनी टाकलीही नाही. पुढं पुढं ती लावायची सोडून दिली. पुण्याहून येताना त्यांची लेक दुसऱ्या कुठल्या कुठल्या रेकॉर्डी आणायची, त्या लावायचे. पण त्या एकीची सर कशाला नाही, असं म्हणायचे.

मग यंदा चैत्रात लेकीचा फोन आला. ती जुनी रेकॉर्ड कंपनीनं पुन्हा नवी काढली होती. तेच कव्हर, तोच फोटो, तेच वाजवणं, फक्त नवं कोरं. पार्सल धाडते म्हणाली. भावजी फोन ठेवून अंगणात उभेच राहिले. मी म्हटलं, चहा घेताय का, तर म्हणाले, काय? मी पुन्हा विचारलं नाही.

मशीन मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीवर असायचं. घरात तेवढी एकच जागा अशी, की कुणी चाललं तरी हलत नाही. पत्र्याची मोठी कोठी, गव्हानं गच्च भरलेली, तिच्या झाकणावर घोंगडी, घोंगडीवर मशीन. भावजी म्हणायचे, साहेबाच्या बंगल्यातही एवढं पक्कं टेबल नव्हतं. त्याच खोलीत छताच्या कड्यांना लसणाच्या जुड्या टांगलेल्या असतात.

यंदा गहू खळ्यावर असताना अवकाळीची सर आली. वाळवला, पण मनासारखा वाळला नाही. मालक म्हणाले, किडा लागंल, गोळ्या टाकायच्या. गव्हात टाकायच्या विषारी गोळ्या आम्ही दरवर्षी टाकतो, आमच्याकडं सगळेच टाकतात. फडक्यात बांधून गव्हात खुपसायच्या, झाकण शेणामातीनं लिंपायचं, आणि खोली चांगले आठपंधरा दिवस बंद ठेवायची. त्या दिवसांत तिथं पोरंसोरं जाऊ द्यायची नाहीत, एवढं आम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.

भावजींचंच म्हणणं पडलं की गोळ्या आत्ताच टाकून घ्या. रेकॉर्ड आली की मशीन मांडायचं, मग ते पुन्हा हलवायला नको. मालकांनी टाकल्या. कोठी लिंपून झाल्यावर डब्यात थोड्या गोळ्या उरल्या. डबा उघडला की त्या टिकत नाहीत. वाया कशाला घालवायच्या म्हणून त्यांनी त्या कोठीमागं लावलेल्या गव्हाच्या पोत्यांच्या मध्ये कोंबल्या. त्या पोत्यांना झाकण नव्हतं, लिंपण नव्हतं. गहू दमट होता. हे सगळं त्यांनी माझ्यासमोर केलं आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

पार्सल लवकर आलं. खोली अजून बंदच ठेवायची होती. भावजींनी रेकॉर्ड बाहेर काढली, तिचा वास घेतला, जुनं कव्हर आणि नवं कव्हर पलंगावर शेजारी शेजारी ठेवून बघत बसले. दुसऱ्या दिवशी शेजारी लग्न. हळद सकाळी आणि लग्न संध्याकाळी, मधला सगळा वेळ डीजे. जेवणं झाल्यावर भावजी म्हणाले, "दादा, खोली उघडू का?"

"गोळ्या टाकल्यात की रं."

"लिंपलंय न्हवं?"

"लिंपलंय की चांगलं," मालक म्हणाले. "कोठी काय श्वास घेतीय व्हय?"

मग आम्हाला सगळ्यांनाच नवल वाटेल अशी गोष्ट मालकांनी केली. चटई काखेत मारून तेही निघाले. इतक्या वर्षांत ते त्या खोलीत ऐकायला म्हणून कधी बसले नव्हते.

"तुमी कुठं?" मी विचारलं.

"डीजेपरीस ह्याचा पेटीवाला बरा," ते म्हणाले. "निदान झोप तरी लागंल."

पाठीमुळं ते खुर्चीत बसत नसत, कोठीच्या पायाशी चटई टाकून आडवे झाले. भावजींनी खिडकी बंदच ठेवली. डीजेचा आवाज दाराखालून येत होता, तिथं चादर दाबून दाबून बसवली. थोड्या वेळानं मी पाण्याचा तांब्या दिला, तेव्हा त्यांनी दार किलकिलं करून घेतला आणि पुन्हा चादर बसवली. मला लसणाचा वास आला. त्या खोलीला तो बाराही महिने असतो.

तर आता अंगणात दोघं भाऊ आडवे. भावजींचे ओठ निळे. वस्तीवर त्या वेळी गाडी एकच होती, नवरदेवाची, फुलं लावलेली, मागच्या काचेवर नवरानवरीची नावं चिकटवलेली. मी मांडवात गेले. डीजेपुढं पोरं नाचत होती, मी ओरडले ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग नवरदेवाच्या मामाचा दंड धरला आणि कानाशी तोंड नेलं. "गाडी काढ. आमची दोन माणसं मरतायत."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि किल्ली काढली. एवढंच. पुढं मला त्या लग्नघराबद्दल कुणी काही वाईट सांगू लागलं तर मी ऐकून घेत नाही.

वाट डीजेच्या टेम्पोनं अडवली होती. तो मागं घेईस्तोवर मालक मागच्या सीटवरून म्हणाले, "वरात आमचीच निघाली म्हण की." मामा हसला नाही. मीही नाही. सून दारात उभी राहून ओरडली, "तुमी व्हा म्होरं, मी घर बंद करून येते." आम्ही निघालो.

इंदापुरात पहिला दिसला त्या दवाखान्यात गाडी घातली. भावजींना आत नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं दोघांचे डोळे बघितले, छाती बघितली आणि मला बाजूला घेतलं.

"काय प्यायलेत?"

"चहा."

"आजी, खरं सांगा. दोघं एकदम? घरात काही वाद?"

"वाद रोजच हाय. इख प्यावं असा न्हाय."

"मग तोंडाला हा लसणासारखा वास कसला?"

"खोलीत लसूण टांगलाय."

"टांगलेला लसूण तोंडात कसा येईल?"

त्यानं विचारलं, खोलीत आणखी काय होतं? मी सांगितलं, गव्हाची कोठी. गव्हात काही टाकलंय? मी म्हटलं, व्हय, गोळ्या. तो म्हणाला, ओल लागली की त्यांचा विषारी गॅस होतो, हा वास त्याचाच. त्याचा चेहरा मी बघितला आणि मला कळलं की हे छातीचं दुखणं नाही.

"त्या खोलीत आता कोण आहे?" त्यानं विचारलं.

तोवर मला तो विचारच आला नव्हता. सून घर बंद करून येते म्हणाली होती. घर बंद करायचं म्हणजे मशीन बंद करायचं. भावजींची रेकॉर्ड फिरत ठेवून ती निघाली नसती, ती तसली बाई नाही. नाकाला पदर लावून आत गेली असती, आणि बाहेर डीजे.

मामाच्या फोनवरून तिला लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तसाच. मी फोन मामाकडं दिला. मग मला सुचलं ते सांगते. मी म्हटलं, "डीजेवाल्याला लाव."

"आं?"

"त्याच्याकडं माइक हाय. माइकवरनं सांगायला लाव. आमच्या सुनंला म्हणावं मागल्या खोलीत जाऊ नको, ईखारी गॅस हाय."

मामानं लावला. डीजेवाल्याला दोनदा समजलं नाही, तिसऱ्यांदा मामानं त्याला शिवी दिली, तेव्हा समजलं. फोन चालूच होता. गाणं तोडलेलं आम्हाला इकडं ऐकू आलं, आणि मग त्याचा आवाज, नवरानवरीला आशीर्वाद द्यायला बोलवतो त्याच सुरात. शेजारच्या सूनबाईंनी मागच्या खोलीत जाऊ नये, खोलीत गॅस आहे, कुणीच जाऊ नये. एकदा सांगितलं, पुन्हा सांगितलं.

मग वाट बघितली. ती मी विसरले नाही. दवाखान्याच्या पायरीवर नवरदेवाच्या गाडीची फुलं गळून पडत होती आणि मी ती बघत होते.

फोन आला. सून होती. "आत्या, मी उंबऱ्यातच हुते. एकदा आत जाऊन आले, उमासं आलं म्हणून म्हागं फिरले. आता पुन्हा निघाले हुते. मशीन अजून फिरतंय."

"फिरू दे. लांब हो. गुरांकडं जाऊन बस."

"तात्यांची रेकॉर्ड झिजंल." भावजींना ती तात्या म्हणते.

"झिजू दे म्हणते न्हवं."

इंदापूरच्या डॉक्टरनं सलाईन लावून दोघांना बारामतीला धाडलं, मोठ्या दवाखान्यात. त्यानं मला स्पष्ट सांगितलं, यावर उतारा नाही. हृदय धरून राहिलं तर माणूस राहतो. असं तोंडावर सांगितलेलं मला बरं वाटलं.

बारामतीत भावजी बेशुद्ध झाले. त्यांना नळ्या लावल्या. मालक मात्र शुद्धीवर होते. बसते झाले, चहा मागितला, नर्सला विचारलं तुझं गाव कुठलं. आमचा मुलगा चाकणहून आला, भावजींची लेक पुण्याहून आली, आणि सगळ्यांनी मनात वाटणी करून टाकली. बाप वाचला, चुलता जातो. मीही केली. लेक काचेबाहेर उभी राहून रडत होती, रेकॉर्ड मीच धाडली, रेकॉर्ड मीच धाडली. मी तिला म्हटलं, रेकॉर्डनं काय केलं नाही. गप बस.

मालकांनी तिला जवळ बोलावलं.

"तू धाडलीस व्हय ती?"

"हो काका."

"पैल्या बाजूला मला झोप आली. दुसरी बरी हाय." मग म्हणाले, "पण गाणारा शेवटपत्तुर आलाच न्हाय."

ती हसली आणि पुन्हा रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचे हात थंड लागले. मी नर्सला सांगितलं. तिनं रक्तदाब बघितला आणि डॉक्टरला बोलवायला गेली. त्यांना बोलता सगळं येत होतं, हेच मला पटत नव्हतं. एवढं नीट बोलणारा माणूस थंड कसा पडतो.

"धाकल्या?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"त्या पोत्यांत टाकायला नकू हुत्या."

"आता ते कशाला."

"गहू खाऊ नगा त्यो. खड्ड्यात घाला."

"घालू."

त्यांनी चादर छातीवरून खाली ढकलली. श्वास कमी पडत होता. डॉक्टर आले, मला बाहेर जायला सांगितलं. मी गेले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

भावजी शुद्धीवर आले तेव्हा घरी तेरावं होऊन गेलं होतं. कुणी सांगायचं यावर मुलं कुजबुजत होती. मी आत गेले आणि सांगितलं. त्यांनी विचारलं, "वहिनी, दादा काय म्हणाला?" मी सांगितलं, दुसरी बाजू बरी हाय म्हणाले. ते म्हणाले, "दुसरी तीनदा लावली मी. त्यानंच लावायला सांगितली."

गहू मुलानं तोंडाला फडकं बांधून बाहेर काढला आणि खड्ड्यात पुरला. लाईट गेली तेव्हा मशीन आपोआप थांबलं होतं, सुई शेवटच्या रेघेतच टेकलेली सापडली. रेकॉर्डला काही झालं नाही, सुई गेली. लेकीनं दुसरी आणून दिली आहे. भावजींनी अजून बसवलेली नाही. कोठी मी मोडीत घातली. मशीन आता पुढच्या खोलीत टेबलावर असतं, शेजारून कुणी चाललं की हलतं. खिडक्या उघड्या असतात.

लोक अजून विचारतात, नक्की काय झालं, कोण कोण होतं. सुनेला आठवडाभर डोकेदुखी झाली, मग ती कामाला लागली. आत दोघं भाऊ होते. थोरले गेले. धाकटे जगले.